क्लच घसरतोय: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं, आणि उतरवलाच तर काय काय बदलावं?

हाफक्लच (प्रश्न)

छोटी पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी, पाच गिअर, केबलचा क्लच. ८८,००० किलोमीटर झाले, क्लच मूळचाच आहे. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम झपकन वर जातो आणि वेग तिथेच राहतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काहीच जाणवत नाही. पेडल पूर्वीपेक्षा जड झालंय आणि पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर क्लच पकडतो. गिअर मात्र सगळे मऊ पडतात, रिव्हर्ससुद्धा.

विचारायचं ते असं. हे नुसत्या केबलच्या सेटिंगने सुधारेल की क्लचची प्लेट संपली? प्लेटच गेली असेल तर फक्त प्लेट टाकावी की पूर्ण सेट? फ्लायव्हीलला (इंजिनाचं जड चाक, ज्यावर प्लेट घासते) लेथवर फेसिंग मारणं, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेणं, सक्तीचं आहे का? काम घरीच करायचा विचार आहे. दोन टनी ट्रॉली जॅक, चार स्टँड, टॉर्क पाना आणि मदतीला एक माणूस आहे. गिअरबॉक्स उतरवताना आणि चढवताना नवखे लोक नेमके कुठे चुकतात तेही सांगा.

---

तेरा नंबर पाना

आधी केबल बघा. ते दहा मिनिटांचं काम आहे, आणि तुमची लक्षणं त्या प्रकारातली आहेत.

लोकांची समजूत अशी की प्लेट झिजली की पेडल खोल जातं. केबलच्या क्लचमध्ये होतं नेमकं उलट. प्लेटवरचं घासणारं लायनिंग पातळ होत गेलं की प्रेशर प्लेट (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) फ्लायव्हीलकडे सरकते. त्यामुळे तिला दाब देणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगच्या आतल्या पाकळ्या गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर पाकळ्या ढकलून क्लच सोडवणारं बेअरिंग) बाहेर येतात. केबलमधली मोकळी चाल कमी कमी होत शून्यावर येते, क्लच वर-वर पकडायला लागतो आणि शेवटी पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग पाकळ्या दाबून धरतं. म्हणजे क्लच कायम थोडासा दाबलेलाच. मग प्लेटवर लायनिंग शिल्लक असलं तरी तो घसरणारच. पेडल जड होणं हेही याच झिजेचं लक्षण, कारण स्प्रिंग आपल्या मूळच्या कोनातून सरकलेली असते.

बॉनेट उघडा. केबलचं टोक गिअरबॉक्सवरच्या ज्या दांडीला अडकलेलं असतं ती दांडी हाताने हलवून बघा. साधारण २ ते ४ मिलिमीटर मोकळी हलली पाहिजे, पेडलवर तीच चाल १५ ते २५ मिलिमीटर भरते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. चाल शून्य असेल तर आट्यांवरचा नट सैल करून ती द्या, पेडल दहा-वीस वेळा दाबा आणि पुन्हा मोजा. काही गाड्यांत पेडलपाशी आपोआप जुळवून घेणारी दातेरी यंत्रणा असते. तिथे मोकळी चाल नसणं हेच बरोबर, तिथे नट शोधत बसू नका.

सेटिंगनंतर परीक्षा घ्या. रिकाम्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास गाडी ठेवा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग हातात हात घालून चढले तर क्लच धरतोय. आरपीएम एकटाच उडाला तर घसरतोय. ही परीक्षा वरच्या गिअरमध्येच का? पहिल्या-दुसऱ्यात गाडी इतक्या चटकन वेग घेते की इंजिनाला पूर्ण जोर लावायची वेळच येत नाही. वरच्या गिअरमध्ये गाडी सावकाश उचलते, इंजिनाचा सगळा टॉर्क बराच वेळ क्लचवर राहतो, आणि थकलेला क्लच तिथे हार मानतो. तुम्हाला खालच्या गिअरमध्ये काही जाणवत नाही ते यामुळेच.

उभ्या गाडीची परीक्षाही आहे: हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, तिसरा गिअर टाका, आरपीएम दीड हजार ठेवून क्लच सोडा. इंजिन जागच्या जागी बंद पडायला हवं. रेंगाळत चालू राहिलं तर क्लच गेला. हे एकदाच करा. पाच वेळा खात्री करून घ्यायच्या नादात उरलंसुरलं लायनिंग जळतं.

चाल दिल्यावरही घसरत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. आणि घसरणं चालू ठेवून "अजून महिनाभर काढू" म्हणू नका. घसरण्याने उष्णता, उष्णतेने लायनिंगवर काचेसारखा थर, त्या थराने पकड आणखी कमी. वर स्प्रिंग आणि फ्लायव्हील तापतात ते वेगळंच. वेळेत केलं तर प्लेटवर भागतं, उशीर केला तर फ्लायव्हीलसुद्धा जातं.

---

डावा पाय

वरच्या उत्तरात भर. घसरण्याशिवायचे आवाज आणि धक्के आत्ताच तपासून घ्या, म्हणजे गिअरबॉक्स खाली आल्यावर काय शोधायचं ते ठाऊक असेल.

इंजिन चालू, न्यूट्रल, पेडल सोडलेलं. घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते? मग गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून जोर आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बघा, क्लचचा त्यात दोष नाही. उलट पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. उचलताना, म्हणजे जागेवरून निघताना, गाडी थरथरत असेल तर आधी इंजिन माउंटिंग (इंजिनाचे रबरी आधार) तपासा. फाटलेल्या माउंटिंगमुळे येणारी थरथर क्लचच्या नावावर खपते आणि नवा सेट टाकूनही तशीच राहते.

बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाशी, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात, बोट फिरवून बघा. ओलं असेल तर वास घ्या. काळं, पातळ आणि जळकट वासाचं म्हणजे इंजिन ऑइल, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गळतंय. दाट आणि गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, इनपुट शाफ्टचं सील. कुठलंही तेल लायनिंगवर गेलं असेल तर ती प्लेट धुऊन, घासून वापरता येत नाही. तेल लायनिंगच्या आत मुरतं आणि गरम झालं की पुन्हा वर येतं.

---

स्प्लाइन

फक्त प्लेट की पूर्ण सेट, यावर माझं मत एकच: पूर्ण सेट. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. या कामातली खरी मेहनत गिअरबॉक्स खाली-वर करण्यात आहे. ८८,००० किलोमीटर चाललेलं बेअरिंग परत आत ठेवून वर नवी प्लेट टाकली आणि सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं, तर तीच मेहनत पुन्हा.

सेटसोबत मागवायच्या गोष्टी: क्रँकचं मागचं ऑइल सील, इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची (चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्यांची) सील, एक्सलचे नवे नट, फोर्कचे (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांडीचे) बुश, क्लचची केबल, आणि फ्लायव्हील काढणार असाल तर त्याचे बोल्ट. बऱ्याच गाड्यांत हे बोल्ट ताण घेऊन लांबणारे असतात, एकदा सोडले की पुन्हा वापरायचे नसतात. गिअर ऑइल अशा गिअरबॉक्सला साधारण दोन ते अडीच लिटर लागतं. ग्रेड मॅन्युअल सांगेल तीच. जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तिथे "वरच्या दर्जाचं" म्हणून जीएल-५ भरू नका. त्यातली काही रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, स्प्लाइनसाठी (शाफ्टवरच्या उभ्या खाचांसाठी) उष्णता सहन करणारं ग्रीस आणि प्लेट मध्यावर धरणारी दांडी हेही घ्या. शेवटची वस्तू बऱ्याच सेटमध्ये प्लास्टिकची मिळते, नसेल तर वेगळी घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने प्लेट मध्यावर बसवणारे असतात, पण पहिल्या खेपेला तो प्रयोग नको.

आता फ्लायव्हील. फेसिंग सक्तीचं नाही, तपासणी सक्तीची आहे. ब्रेक क्लीनरने पुसून उजेडात धरा. नख अडकेल असे चर, केसासारख्या बारीक भेगा, निळे-जांभळे डाग, पट्टी उभी धरल्यावर मध्ये दिसणारी फट, यातलं काही नसेल तर १२० नंबरच्या एमरी पेपरने वर्तुळात न घासता आडवंतिडवं हलकं घासून चकाकी घालवा आणि पुन्हा धुवा. निळे डाग वरवरचे वाटतात, पण तिथलं बिडाचं लोखंड कडक झालेलं असतं. पेपरने रंग जातो, कडकपणा जात नाही आणि उचलताना गाडी थरथरते. अशा वेळी लेथ किंवा नवं फ्लायव्हील. भेगा असतील तर थेट नवंच, त्यात दया-माया नको.

लेथवर देताना दोन गोष्टी सांगा. एक, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपलीकडे धातू काढायचा नाही. दोन, फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्लेट घासते तो भाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो भाग वेगवेगळ्या उंचीवर असेल, तर दोन्हीवरून सारखाच धातू काढायचा. फक्त घासणारा भाग खोल केला तर पकडीचा दाब कमी होतो आणि नवा कोरा सेट पहिल्या दिवसापासून घसरतो. हे फार वेळा होतं आणि शिव्या सेट बनवणाऱ्याला बसतात.

फ्लायव्हील दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं असेल (डिझेलमध्ये जास्त) तर त्याचे नियम वेगळे. ते लेथवर देत नाहीत. हाताने फिरवून आणि कलवून किती ढिलं आहे ते मोजतात, काळं ग्रीस बाहेर आलंय का बघतात, मर्यादेबाहेर असेल तर बदलतात.

---

जुना गिअरबॉक्स

उतरवण्या-चढवण्याचं लिहितो. गाड्यागणिक फरक आहेत, पण पुढच्या चाकांच्या, आडव्या इंजिनाच्या गाडीत गाभा हाच. पहिल्यांदा करत असाल तर पूर्ण दोन दिवस हाताशी ठेवा.

गाडी जमिनीवर असतानाच एक्सलचे नट सैल करा. ते बऱ्याच गाड्यांत २०० न्यूटन मीटरच्या आसपास किंवा त्याहून घट्ट असतात, स्टँडवरच्या गाडीला लांब दांडी लावून जोर काढणं म्हणजे गाडी पाडण्याचा धंदा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर, बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा. वरून एवढं निघालं की बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट दिसतात. प्रत्येक जोडणीचा मोबाईलवर फोटो काढा: गिअरच्या केबल, क्लचची केबल, रिव्हर्स लाइटचं सॉकेट, स्पीड सेन्सर, अर्थिंगची पट्टी. अर्थिंग परत लावायला विसरलं की स्टार्टर मरगळतो आणि माणूस दिवसभर क्लचमध्ये चूक शोधत बसतो.

गिअर ऑइल काढण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट आधी सुटतो का ते बघा. तो सुटल्याशिवाय खालच्या बोल्टला हात लावू नका. तेल काढून बसलात आणि भरायचा बोल्ट गंजून अडकला, की गाडी जागेवरच राहते.

गाडी चार स्टँडवर, हलवून बघितल्यावर न डुलणारी. जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. चाकं काढा, खालचे बॉल जॉइंट सोडवा, ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घ्या. शाफ्ट त्यांच्या जॉइंटवर लोंबकळत ठेवायचे नाहीत, तारेने वर बांधा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम काढले की डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या भागाच्या) आतले गिअर जागेवरून घसरतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसा इशारा असेल तर एका बाजूला जुना शाफ्ट किंवा योग्य जाडीचा दांडा घालून ठेवा.

स्टार्टर काढा. इंजिनाला वरून आडव्या बारने टांगा, नाहीतर खालून चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडी फळी घालून आधार द्या. फळीशिवाय जॅक लावला तर पत्र्याचं चेंबर चेपतं. मग गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडा, बेलहाउसिंगचे बोल्ट काढा. लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचा.

लहान गाडीचा गिअरबॉक्स ३० ते ४० किलोचा असतो. तो सरळ रेषेत बाहेर ओढायचा, इनपुट शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत जॅकचा आधार सोडायचा नाही. अर्ध्यात सोडला तर सगळं वजन प्लेटच्या मधल्या तुंब्यावर येतं. जुन्या प्लेटचं काही बिघडत नाही, पण चढवताना हीच चूक झाली तर नवी प्लेट वाकते. वाकलेली प्लेट पेडल पूर्ण दाबलं तरी फ्लायव्हीलला घासत राहते आणि रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो.

आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसा, मास्क लावा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, एका वेळी अर्धा-एक आटा असे सैल करा. एकेक पूर्ण काढत गेलात तर कव्हर वाकतं. शेवटचे दोन बोल्ट सोडताना खाली हात ठेवा, प्लेट निसटून पायावर येते.

आता बसवणं. नव्या प्रेशर प्लेटच्या घासणाऱ्या बाजूवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने धुवा. लायनिंगला ग्रीसचे हात लावायचे नाहीत. प्लेट कुठल्या तोंडाने बसते ते तिच्यावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर बहुतेक वेळा स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर तुंबा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो, क्लच सुटत नाही, आणि हे कळतं सगळं जोडून झाल्यावर.

प्लेट आधी मोकळ्या हाताने गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा. अडखळता कामा नये. ग्रीस स्प्लाइनवर अगदी पातळ, जेमतेम ओलसर दिसेल इतकंच. प्लेट दोन-तीन वेळा पुढे-मागे करा आणि बाहेर ढकललेलं सगळं ग्रीस पुसा. जास्त लावलेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं. तुंब्याला निकेलचा चकचकीत मुलामा असेल तर ग्रीस लावूच नका. फोर्कचा टेकू आणि बेअरिंगला जिथे तो टेकतो ती टोकं, तिथे थोडंसं. रिलीज बेअरिंग मात्र पेट्रोलने किंवा क्लीनरने धुऊ नका, त्याचं ग्रीस कायमचं आत भरलेलं असतं.

दांडीने प्लेट मध्यावर धरा, बोल्ट सगळे हाताने लावा, मग समोरासमोर एकेक आटा. आठ एमएमच्या बोल्टांना साधारण २० ते २५ न्यूटन मीटर लागतं, पण तुमच्या गाडीचा आकडा बघून घ्या. शेवटी दांडी अलगद बाहेर आली पाहिजे. ओढावी लागत असेल तर प्लेट मध्यावर नाही. बोल्ट सैल करून पुन्हा.

गिअरबॉक्स चढवताना बेलहाउसिंगच्या दोन छिद्रांत त्याच आट्यांचे लांब, डोकं कापलेले बोल्ट घाला. त्यांच्यावरून गिअरबॉक्स सरळ सरकतो आणि वजन शाफ्टवर येत नाही. डोवेल पिन (दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, मध्ये वायर अडकली नाही ना, ते बघा. स्प्लाइन जुळत नसेल तर गिअर टाकून ठेवा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने किंचित फिरवा. आणि सगळ्यात मोठी चूक इथे होते: शेवटची सेंटिमीटरभर फट राहते आणि लोक बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतात. ती फट हातानेच मिटली पाहिजे. मिटत नसेल तर काहीतरी रेषेत नाही. आवळलंत तर बेलहाउसिंगचा कान तुटतो, नाहीतर प्लेटचा तुंबा.

पुढे सगळं उलट क्रमाने. गाडी समतल ठेवून भरण्याच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा. नव्या एक्सल नटचा टॉर्क चाकं जमिनीला लागल्यावर द्या, पण तो देण्याआधी गाडी ढकलू नका. नट सैल असताना चाकाच्या बेअरिंगवर भार आणि फिरणं दोन्ही आलं की बेअरिंग खराब होतं.

---

डावा पाय

हायड्रॉलिक क्लचवाले हा धागा वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं.

तिथे द्रव आपोआप झीज भरून काढतो, म्हणून क्लच वर पकडतो की खाली यावरून प्लेटची झीज सहसा कळत नाही. गिअर खर्रकन पडत असेल तर आधी द्रव बघा. एकदा पेडल दाबून गिअर पडत नाही आणि दोन-तीन वेळा पंप केल्यावर पडतो, म्हणजे आत हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलपाशी द्रव ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबर गेलंय. पेडलच्या मागे गालिचा ओला असेल तर मास्टर, गिअरबॉक्सखाली ओलं असेल तर स्लेव्ह (तो दाब घेऊन क्लच सोडवणारा सिलिंडर). अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते, तेव्हा पातळी उतरली तर दोन्हीकडे शोधा.

एअर काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा आटा सोडून परत बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. नळी द्रवात बुडालेली हवी आणि टाकी तळाला जाता कामा नये. द्रव झाकणावर लिहिलेलाच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, दर दोन वर्षांनी नवा. काही गाड्यांत मिनरल ऑइल असतं. त्यात ब्रेक फ्लुइड घातलं तर सगळी रबरं फुगतात.

स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसणारा असेल तर सेटसोबत तोही बदला. आणि गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण जुळेपर्यंत पेडलला कुणीही पाय लावायचा नाही. समोर अडवायला काही नसल्याने पिस्टन बाहेर पडतो आणि नवं सील तिथल्या तिथे फाटतं.

---

हाफक्लच

केबल तपासली. दांडीवर मोकळी चाल शून्य होती. ३ मिलिमीटर दिली, पेडल बरंच हलकं वाटतंय आणि क्लच मध्यावर पकडतोय. चौथ्या गिअरची परीक्षा घेतली तर पहिल्यांदा धरला, पण गाडी गरम झाल्यावर लांब चढावर पुन्हा आरपीएम उडाला, पूर्वीपेक्षा कमी. नटचे आटे आता जवळजवळ संपलेत. बेलहाउसिंगखाली कोरडं आहे. म्हणजे सेट मागवतो.

दोन शंका उरल्या. केबलमध्ये तेल सोडावं का? आणि सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिलं तर प्लेट झिजते का?

---

तेरा नंबर पाना

आटे संपणं हेच उत्तर आहे. जुळवायला जागा उरली नाही म्हणजे लायनिंग उरलं नाही. शिवाय बराच काळ चाल शून्य असल्याने लायनिंगवर काच चढली असणार, म्हणून थंड असताना धरतो आणि गरम झाला की सोडतो.

केबलमध्ये तेल सोडू नका. हल्लीच्या केबलना आतून नायलॉनचं अस्तर असतं, तेलात धूळ चिकटून ती आणखी जड होते. जड झाली किंवा टोकाला तारा उसवल्या की बदलायची. नवा सेट आणि जुनी केबल घातली तर पेडल जडच राहण्याची शक्यता आहे.

सिग्नलचं म्हणाल तर पेडल पूर्ण दाबलेलं असताना प्लेट मोकळी असते, ती झिजत नाही. झिजतं ते रिलीज बेअरिंग, आणि दाब क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीवर) जातो. म्हणून जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल. प्लेट खरी मरते ती अर्ध्या क्लचवर: चढावर ब्रेकऐवजी क्लचने गाडी धरून ठेवणं, रांगेत इंच-इंच सरकताना ॲक्सिलरेटर देत राहणं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणं, आणि चालवताना डावा पाय सवयीने पेडलवर टेकवून ठेवणं. शेवटची सवय तुमच्या शून्य चालीसारखंच काम करते, बेअरिंग पाकळ्यांवर दाबलेलं राहतं.

---

स्प्लाइन

नव्या सेटनंतर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर थांबत-निघत, हलक्या पायाने चालवा. जोरात उचलणं, ओढणं, भरलेल्या गाडीने घाट चढणं टाळा. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांवर पूर्ण बसेपर्यंत फक्त उंचवटे टेकलेले असतात. त्यांनाच सगळा भार दिला तर ते जळून काच चढते. सुरुवातीला थोडा वास किंवा किंचित थरथर आली तर घाबरू नका. हजार किलोमीटरनंतर मोकळी चाल पुन्हा मोजा, त्यानंतर दर १०,००० ला.

---

जुना गिअरबॉक्स

एक राहिलं. जुनी प्लेट भंगारात टाकण्याआधी नीट बघा. लायनिंग दोन्ही बाजूंना सारखं झिजून रिव्हिटच्या डोक्यापासून जेमतेम ०.३ मिलिमीटर उरलं असेल तर ती आपलं आयुष्य पुरं करून गेली. लायनिंग जाड आहे पण काळं, चकचकीत आणि जळका वास येतोय, तर दोष अर्ध्या क्लचवर चालवण्याचा किंवा न दिलेल्या मोकळ्या चालीचा. एकाच बाजूने जास्त झिजली असेल तर स्प्लाइनवर प्लेट अडकत होती, इनपुट शाफ्टवर गंज किंवा दात पडलेत का ते बोट फिरवून तपासा. मधल्या स्प्रिंगा खुळखुळत असतील, किंवा प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांची टोकं एका पातळीत नसतील (अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक), तर उचलताना येणाऱ्या धक्क्यांचं कारण तिथे. आणि फोर्क काढलाच आहे तर तो जिथे बेअरिंगला टेकतो तिथे खड्डे पडलेत का ते बघून घ्या. त्या खड्ड्यांत नवं बेअरिंग तिरकं बसतं आणि वीस-तीस हजार किलोमीटरमध्ये ओरडायला लागतं.